रणगाड्याला पुट्टी

कूलरमधलं जुनं गवत काढताना मागच्या उन्हाळ्याचा वास येतो. धूळ, बोअरच्या पाण्याचा क्षार, आणि गवतात अडकून वाळून गेलेलं एखादं पाखराचं पीस. परवा ते गवत काढून नवं बसवलं, पंप सुरू केला, पाणी खळखळत खाली उतरलं आणि यंदाचा उन्हाळा आमच्या घरी रुजू झाला. या वासाने इतरांना कैरीचं पन्हं आठवत असेल. मला रणगाडा आठवतो. रणगाड्यापाठोपाठ भिंतीला लावायची पांढरी पुट्टी आठवते आणि तोंड कडू होतं.

मला संग्रहालयांतले रणगाडे, चिलखती गाड्या, जुन्या लष्करी जीपा यांचे फोटो काढायचा नाद आहे. हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. सैन्यात होता का, आणि घरात कोणी होतं का. दोन्हींचं उत्तर नाही. युद्धाचं मला आकर्षण नाही, गणवेशाचं तर नाहीच. मला लोखंड आवडतं, कारण लोखंडाला काही लपवता येत नाही. साखळीच्या कड्या एकाच बाजूने झिजलेल्या असतात. चढायच्या जागेची कड बुटांनी घासून गुळगुळीत झालेली असते. घाईत केलेल्या वेल्डिंगची शिवण ओबडधोबड उमटलेली असते, जखमेच्या टाक्यांसारखी. मी कॅमेरा तिथे नेतो. समोरून, खालून, आभाळाकडे रोखलेल्या नळीचा फोटो मी काढत नाही. तो तिकिटाच्या मागे छापलेला असतोच.

पण या नादातून आजवर जे हाती लागलं त्यात आनंद थोडा, शिसारी जास्त. जिथे जिथे गेलो तिथे रणगाड्याची एकच दशा पाहिली. नळीच्या तोंडाला झेंडूची वाळलेली माळ. साखळीला चुना. चाकांना एकाआड एक लाल-पिवळा रंग, जत्रेतल्या पाळण्यासारखा. शत्रूला दिसू नये म्हणून ज्याला मुद्दाम मळकट रंग दिलेला असायचा, त्याला आता असा चकचकीत हिरवा ऑइलपेंट की दोन चौकांवरून दिसावा. शेजारी फायबरचा वाघ. वाघाच्या शेजारी लाल हृदय, त्यावर शहराचं नाव. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं जोडपं. नवरदेव चिलखताला रेलून उभा, नवरीचा घागरा साखळीवर पसरलेला, आणि फोटोवाला सांगतोय, सर, थोडा अॅटिट्यूड द्या. या पोलादाच्या पेटीत कदाचित एखादा माणूस मेला असेल, हे त्या तिघांतल्या कोणाला सांगावं? मी सांगत नाही. ते जाईपर्यंत सावली बघून बसतो.

आणि पाटी. पाटीवर वजन असतं, वेग असतो, नळीचा व्यास असतो. त्याखाली उद्घाटकांचं नाव, वजनापेक्षा मोठ्या अक्षरांत. आत माणसं किती बसायची हे बहुधा नसतंच. आमच्या गावच्या संग्रहालयात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन रणगाड्यांवर एकच नंबर आहे. एकावरचा नंबर खरडून गेला होता. रंगाऱ्याला सांगण्यात आलं की नंबर पाहिजेच. त्याने मान वळवून शेजारच्याचा उतरवून काढला. पाहणी करणाऱ्या साहेबांनी दोन्ही नंबर ठळक आल्याबद्दल समाधान व्यक्त केलं असणार.

तीन-चार उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. नागपूरच्या नंदनवन वस्तीत आमच्या घरापासून तिसरं घर गुलाबरावांचं. तरुणपणी ते लष्करात रणगाड्याचे ड्रायव्हर होते, एकाहत्तरच्या लढाईत होते. परत आल्यावर खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथली राख छातीत साठवत राहिले. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करावा लागतो. लढाईबद्दल ते बोलत नाहीत. वस्तीतल्या झेंडावंदनाला दरवर्षी कोणी तरी त्यांच्यापुढे माइक धरतं, दोन शब्द बोला म्हणतं. ते म्हणतात, झेंडा झाला, आता चहा घ्या.

त्या एप्रिलमध्ये त्यांच्या कूलरचा पंप अडला म्हणून ते पेचकस मागायला आले. माझ्या संगणकावर आमच्याच संग्रहालयातल्या त्या खोट्या नंबराच्या रणगाड्याचा फोटो उघडा होता. सेंच्युरियन. बाजूचे पेटारे कधीच गळून गेलेले, त्यामुळे वरच्या फिरत्या डोक्याचं, म्हणजे टरेटचं, उजवं अंग उघडं. त्यावर कसल्या तरी महोत्सवाचं फ्लेक्स बांधलेलं, आणि फ्लेक्सच्या कडेतून वेल्डिंगची वीतभर वाकडी रेघ बाहेर आलेली. त्या रेघेसाठीच मी तो फोटो काढला होता. गुलाबराव पेचकस विसरले. पडद्याजवळ आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे ठिगळ होय," ते म्हणाले. "गोल आहे का चौकोनी?"

मी म्हटलं, दिसत नाही, वर फ्लेक्स आहे. तेव्हा ते खुर्ची ओढून बसले आणि इतक्या वर्षांच्या शेजारात जे बोलले नव्हते ते दहा मिनिटांत बोलले. त्यांच्या रणगाड्यात गोळा डागणारा बलबीर नावाचा पंजाबी होता. त्याला मराठीचे दोन शब्द यायचे, दोन्ही शिव्या, दोन्ही गुलाबरावांनी शिकवलेल्या. एका दुपारी टरेटच्या उजव्या अंगातून गोळा आत आला. रणगाडा पेटला नाही. तिघं बाहेर पडले. बलबीर पडला नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या लोकांनी बादल्यांनी पाणी मारून आतून रणगाडा धुतला, भोकावर भाकरीएवढी गोल पोलादी चकती बसवून वेल्डिंग केलं, आणि तिसऱ्या दिवशी गुलाबरावांनी तोच रणगाडा पुन्हा पुढे नेला.

"नवा गनर बलबीरच्याच जागेवर बसला," ते म्हणाले. "त्याले मी नाव नाही विचारलं."

लढाई संपल्यावर त्यांची बदली झाली आणि तो रणगाडा पुन्हा दिसला नाही. खरा नंबर त्यांना बेचा पाढा यावा तसा पाठ आहे, पण रंगाऱ्याच्या मेहेरबानीने त्याचा उपयोग नव्हता. उरलं फक्त ते ठिगळ. गोल असेल तर तो त्यांचा. छातीची अवस्था अशी की पुढच्या उन्हाळ्याची खात्री ते धरत नव्हते. त्यांना एकदा तिथे जाऊन हात लावून बघायचं होतं, आणि त्या जागेचा एक चांगला फोटो हवा होता. फोटो कोणासाठी, असं मी विचारलं नाही. बहुतेक स्वतःसाठीच.

काम सोपं होतं. ते मी अवघड केलं.

संग्रहालय तेव्हा सुशोभीकरणासाठी बंद होतं. नव्या दालनाचं उद्घाटन व्हायचं होतं, मोठे पाहुणे येणार होते. मी शिकलेला माणूस, म्हणून अर्ज केला. आमचे शेजारी माजी रणगाडाचालक आहेत, त्यांना अमुक रणगाडा जवळून पाहू द्यावा, मला त्याच्या एका भागाचा फोटो घेऊ द्यावा. सोबत फोटो जोडला. कोणता भाग हे कळावं म्हणून त्या वेल्डिंगच्या रेघेभोवती लाल वर्तुळ काढलं. वर्तुळ छान आलं होतं. मला आठवतं, मी जरा दुरून ते न्याहाळलंही होतं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. आपण निदर्शनास आणून दिलेल्या खराब भागाची तातडीने दुरुस्ती करण्यात आली आहे, सहकार्याबद्दल आभार. खाली दोन फोटो. 'आधी' या फोटोत माझं लाल वर्तुळ. 'नंतर' या फोटोत टरेट मेकअप केलेल्या गालासारखं गुळगुळीत.

पाहुणे यायचे असले की त्या कचेरीत लाल वर्तुळांचा पाऊस पडतो. गळकी भिंत, फुटकी फरशी, लोंबणारी वायर. कोणी तरी फोटो काढतं, वर्तुळ मारतं, पुढे पाठवतं, आणि ज्याच्याकडे येईल त्याने ते निकाली काढायचं. अर्ज कोणी वाचलाच नव्हता. वर्तुळ तेवढं वाचलं होतं. नव्या दालनाच्या भिंती घासणारा रंगारी तिथेच होता, त्याच्या घमेल्यात भिंतीची पुट्टी होती. त्याने ठिगळावर थापली, पॉलिश पेपर मारला, वर हिरवा रंग ओढला. मी फोन केला तर पलीकडचा बाबू खरोखर खूश होता. म्हणाला, सर, तुमच्यामुळे लक्षात आलं, नाही तर साहेबांच्या नजरेत आलं असतं. मी म्हटलं, अहो, तो बिघाड नव्हता, तो इतिहास होता.

"सर, इतिहास आपण बोर्डवर घेतला आहे ना," तो म्हणाला. समजुतीच्या स्वरात.

अर्ज कोणी वाचला नाही म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. 'माजी रणगाडाचालक' हे दोन शब्द कोणी तरी टिपले होते. सत्काराच्या यादीत एक म्हातारा कमी पडत होता. गुलाबरावांना निमंत्रण आलं. ते खूश झाले; सत्कारामुळे नव्हे, फाटक उघडणार म्हणून. पुट्टीचं त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी स्वतःची समजूत घातली की प्रत्यक्ष पाहू, कदाचित कडा दिसत असतील.

कार्यक्रम मे महिन्यात सकाळी दहाला होता. पाहुणे साडेबाराला आले. तोवर सत्कारमूर्ती असलेले चार म्हातारे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते, आणि मांडवाची सावली बोट-बोट सरकत त्यांच्या पायांवरून निघून गेली. जंबो कूलर होते, पण सगळ्यांची तोंडं व्यासपीठाकडे. मग एकेकाला बोलावून नारळ दिला आणि लोकरी शाल पांघरली. नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी लोकरी शाल. चौघांनीही ती निमूट अंगावर ठेवली, कारण फोटो व्हायचे होते. गुलाबरावांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी येत होता आणि छायाचित्रकार त्यांना हसायला सांगत होता.

त्यानंतर पाहुणे रणगाड्यावर चढले. त्यासाठी गालिचा घातलेल्या पायऱ्या केल्या होत्या. टरेटच्या झाकणातून कमरेपर्यंत उभे राहून त्यांनी कडक सलाम ठोकला. "उघड्या डोक्यानं सलाम करून राहिला," गुलाबराव शालीतून पुटपुटले. फौजेत टोपी नसेल तर सलाम करत नाहीत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. भाषणात पाहुणे म्हणाले की हे पोलाद आपल्याशी बोलतं. बोलत असेलही. त्या घडीला त्याच्या तोंडात पुट्टी भरलेली होती.

मंडळी नाश्त्याच्या टेबलांकडे पांगल्यावर गुलाबराव उठले. रणगाड्याला वळसा घालून उजव्या अंगाला गेले, गालिच्याच्या पायरीवर चढले आणि टरेटवर तळहात ठेवला. हात पुढे नेला, मागे नेला, वर, खाली. अंधारात बटण शोधतात तसा. मग माझ्याकडे वळून पाहिलं.

"कुठं आहे गा?"

मी सांगितलं. अर्ज, वर्तुळ, उत्तर, सगळं. ते ऐकत असताना त्यांचा हात तिथेच होता.

"अर्ज काहून केला तू? भिंतीवरून उडी मारून जायचं होतं."

मी म्हटलं, तुम्ही या वयात?

"मी काहून? तू मारली असती. मी रस्त्यावर उभा राह्यलो असतो, कोणी येते का पाहात."

एवढ्यात सुरक्षारक्षक शिट्टी वाजवत आला. बाबाजी, हात नका लावू, बोर्ड आहे. बोर्ड खरंच होता. रणगाड्याच्या नाकाडावर पाहुण्यांच्या बुटांचे ठसे अजून पुसायचे होते. गुलाबरावांनी हात काढला. ऑटोत बसल्यावर शालीची नीट घडी केली, ती मांडीवर ठेवली आणि घरापर्यंत खोकत राहिले.

किळस आली म्हणजे आपण वेगळे आहोत असं वाटण्याची सोय होते. ती सोय त्या दिवसांत मला राहिली नाही. चुना फासणारे, हृदय उभारणारे, नंबर उतरवणारे, या सगळ्यांवर मी वर्षानुवर्षं तोंड वाकडं करत आलो. पण त्या ठिगळावर इतकी वर्षं कोणाची नजर गेली नव्हती म्हणून ते टिकलं होतं. नजर माझी गेली. मला ते दाखवायचं होतं, वर्तुळ काढून. माझ्या कपाटात अशा फोटोंचे सतरा अल्बम आहेत आणि पाहुण्यांना ते उघडून दाखवताना मीही कमरेपर्यंत कुठल्या तरी झाकणातून बाहेर आलेलो असतो. परवा कूलरचं गवत टाकायला खाली गेलो तेव्हा गुलाबराव ओट्यावर बसले होते. छाती आणखी वाजते, पण आहेत. मला म्हणाले, गवत दाबून भरत जा, ढिलं राहिलं का गरमच हवा फेकते. त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी मला कधी टोचून बोलून दाखवलं नाही. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

सत्काराच्या त्याच उन्हाळ्यात मग नवतपा लागला. मे संपता संपताचे ते नऊ दिवस बाहेरच्यांना सांगून कळत नाहीत. अकरानंतर रस्ता मोकळा होतो. डांबर चपलेला धरून ठेवतं. कुत्री नालीच्या ओलीत पोट टेकून पडतात. बाहेर पडायचंच असेल तर डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. अशाच एका दुपारी मी संग्रहालयात गेलो. हेतू चांगला नव्हता. त्या पुट्टीचे फोटो काढून कुठे तरी छापून आणावेत, चार लोकांना चारचौघांत उघडं पाडावं, असं मनात होतं. आत चिटपाखरू नव्हतं. रक्षक तिकिटाच्या खिडकीमागे पंख्याखाली, मोबाइलवर.

सेंच्युरियन उन्हात धुमसत उभा होता. उजव्या बाजूला गेलो आणि थबकलो. हिरव्या रंगावर केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती.

लोखंड दिवसा उन्हाने फुगतं, रात्री आक्रसतं. पुट्टी भिंतीसाठी केलेली. तिला हे सोसत नाही. नवतप्याच्या चार दिवसांत ती सुटू लागली होती आणि तडा बरोबर वेल्डिंगच्या शिवणीने चालला होता. एका जागी बोटाएवढा पापुद्रा उचलून आला होता. बाकी सगळं रंगाखाली. मी कॅमेरा काढला, परत ठेवला आणि गुलाबरावांना फोन लावला. पुट्टी सुटतेय एवढंच सांगितलं.

"मी येईस्तोवर बोट लावू नको," ते म्हणाले.

अर्ध्या तासात ऑटोने आले. डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. श्वास जमवायला ते रणगाड्याच्या तोकड्या सावलीत थोडा वेळ थांबले. गालिच्याच्या पायऱ्या आता नव्हत्या. मी दोन्ही हातांची पायरी करून त्यांना चाकावर पाय ठेवायला मदत केली. त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि तिचं टोक त्या उचललेल्या पापुद्र्याखाली घातलं. पुट्टी भाजलेल्या पापडासारखी निघाली. आधी वरची बाजू मोकळी झाली. तिला बाक होता. गुलाबरावांचा हात भरभर चालू लागला. बाक वळून खाली आला आणि तिथे सरळ झाला. सरळच गेला, वीतभर. मग पुन्हा वळला, पुन्हा सरळ. मला फोटोत दिसली होती ती नुसती गोलसर घडवलेल्या कोपऱ्याची रेघ होती. चारी कोपरे मोकळे झाले तेव्हा समोर एक चौकोनी तुकडा होता, शाळेच्या पाटीएवढा, भोवती घाईने घातलेले टाके.

त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"हा आमचा नोहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, चला, सावलीत बसू, ऊन फार आहे. त्यांना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा सोडला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि त्या चौकोनावर पसरला, कारण नुसत्या हाताने ते लोखंड धरवलं नसतं. मग दुपट्ट्यावर तळहात ठेवला. खिडकीमागून शिट्टी वाजली. पुन्हा एकदा वाजली. बाहेर उन्हात यायची तयारी मात्र कोणाची नव्हती.

"फोटो काढ."

मी म्हटलं, हा तुमचा नाही ना. शिवाय या उजेडात काही येणार नाही, सगळं सपाट दिसेल.

"काढ म्हणतो ना."

मी काढला. त्यांनी दुपट्टा बाजूला घेतला, मी ठिगळाचा काढला. त्यांनी पुन्हा पसरून हात ठेवला, मी हाताचाही काढला. अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली मी एक ओळ लिहितो, हे त्यांना माहीत होतं. तरी मी विचारलं, खाली काय लिहू.

"लिही, हा बलबीर नोहे." श्वास घ्यायला ते थांबले. "दुसरा कोणी आहे."

दुपट्टा वाळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. नवतप्यात दुपट्टा वाळायला वेळ लागत नाही. त्यांनी तो दोनदा भिजवला.